पाचशे एक रुपयांचा फोन

मंडळी, पोस्ट जरा लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात दुकानाचा माळा साफ करायला काढला. जुने चार्जर, बंद पडलेल्या बॅटऱ्या, रिचार्ज कूपनची बाडं, असल्या ढिगात दोन जाहिरातीची पत्रकं हाताला लागली. एक २००३ च्या पावसाळ्यातलं, दुसरं २०१८ च्या पावसाळ्यातलं. दोन्हींवर नाव एकच, 'मान्सून हंगामा'. आणि रक्कमही एकच, ५०१ रुपये. पहिलं रिलायन्स इन्फोकॉमचं, दुसरं जिओचं. पहिल्या कंपनीचं मुख्यालय कोपरखैरणेला, दुसरीचं घणसोलीला. आपल्या पनवेल-ठाणे लोकलमध्ये बसलात की दोन्ही स्टेशनं पाठोपाठ लागतात.

ती पत्रकं हातात धरून मी बराच वेळ बसलो. फोन आपण निवडतो, असं आपल्याला वाटतं. वीस-बावीस वर्षं काउंटरच्या मागे उभं राहून मला जे दिसलं ते थोडं वेगळं आहे. तेच आज लिहितोय, कारण आता रेशनपासून पीक पाहणीपर्यंत सगळं फोनवर आलंय आणि 'कुठला फोन घेऊ?' हा प्रश्न घरगुती राहिलेला नाही.

आमच्या घरचा मूळ धंदा एसटीडी-पीसीओचा. पिवळा बोर्ड, काचेची केबिन आणि रात्री दर उतरले की लागणारी रांग. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. पनवेलमध्ये मोबाइल म्हणजे बिल्डर, डॉक्टर आणि पुढारी. आम्हाला त्याची भीती वाटत नव्हती. आमची केबिन पिढ्यान् पिढ्या चालणार, अशी वडिलांची खात्री होती.

२००३ ला ती खात्री संपली. इनकमिंग फुकट झालं आणि रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन हातात दिला. बाकीचे पैसे महिन्याच्या बिलातून. लोक तुटून पडले. पण त्या फोनची एक गोष्ट तेव्हा फारशी कोणी विचारात घेतली नाही. तो सीडीएमए तंत्राचा फोन होता आणि कंपनीला बांधलेला होता. दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात घालायची सोयच नव्हती. फोनमध्ये 'आर वर्ल्ड' नावाचा कप्पा होता. बातम्या, क्रिकेटचा स्कोअर, गाणी, भविष्य, सगळं त्यात. आज आपण ज्याला ॲप स्टोअर म्हणतो त्याचीच ती लहान बहीण. फरक एवढाच, की आत काय असावं हे सिमवाली कंपनी ठरवायची.

त्याच वर्षी नोकिया ११०० आला. हा उलट्या वळणाचा फोन. कुठलंही जीएसएम सिम घाला, चालतो. धूळ बसू नये म्हणून एकसंध रबरी कीपॅड, वर टॉर्च. जगभरात त्याचे २५ कोटींच्या आसपास नग विकले गेले. का विकले गेले ते समजायला कळंबोलीच्या लोखंड बाजारात एक रात्र काढायला हवी होती. ट्रक ड्रायव्हर रात्री टायर तपासायला खाली उतरायचा तेव्हा त्याला टॉर्च लागायचा. राज्य बदललं की सिम बदलायचं. तो फोन त्याच्यासाठी कुठल्या मोबाइल कंपनीने निवडला नव्हता. त्याने चार फोन हातात घेऊन, वजन बघून, टॉर्च लावून स्वतः घेतला होता.

तर सुरुवातीलाच दोन रस्ते दिसत होते. एक, सिमवाली कंपनी फोन ठरवणार. दोन, गिऱ्हाईक फोन ठरवणार आणि सिम मागाहून घालणार.

अमेरिकेत पहिला रस्ता चालला. तिथे तेव्हा फोन घ्यायचे तो कंपनीच्या दुकानातून, दोन वर्षांच्या कराराने. २००७ मध्ये आयफोन आला तो एकट्या एटीअँडटीकडे. २०११ पर्यंत तो दुसऱ्या मोठ्या कंपनीला, व्हेरायझनला, मिळाला नाही. मग व्हेरायझनने काय केलं? २००९ च्या शेवटी मोटोरोलाचा 'ड्रॉइड' उचलला आणि त्याची जोरदार जाहिरात केली. अँड्रॉइड ही सिस्टीम अमेरिकेत घरोघरी पोचायला हे एक मोठं कारण. म्हणजे तिथे अँड्रॉइडला पुढे आणलं ते आधी कंपनीने, कारण शेजारच्या कंपनीकडे आयफोन होता आणि आपल्याकडे नव्हता.

आपल्याकडे तो प्रयोग झालाच नाही असं नाही. २२ ऑगस्ट २००८ ला एअरटेल आणि व्होडाफोनने आयफोन आणला. ८ जीबीचा ३१,००० रुपयांना. अमेरिकेत तोच फोन कराराने १९९ डॉलरला, तेव्हाच्या हिशेबाने साधारण साडेआठ हजारांना मिळत होता. लोक मला विचारायचे, 'तिकडे साडेआठ आणि इकडे एकतीस? लूट आहे का?' लूट नव्हती, हिशेब वेगळा होता. तिकडे फोनची उरलेली किंमत दोन वर्षांच्या बिलातून वसूल व्हायची. आपल्याकडे दहातले नऊ गिऱ्हाईक प्रीपेड. दहा रुपयांचं कूपन खरवडणाऱ्या माणसाकडून कंपनी वीस हजार कशी वसूल करणार? शिवाय जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली. बांधून ठेवायला दावंच उरलं नाही. २०१३ मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सने आयफोन दोन वर्षांच्या मासिक हप्त्यावर द्यायचा प्रयत्न केला, पण त्यालाही क्रेडिट कार्ड लागायचं. पनवेलच्या बाजारपेठेत तेव्हा क्रेडिट कार्ड किती जणांच्या खिशात होतं, ते तुम्हीच आठवा.

म्हणून आपल्याकडे निवडीची जागा कंपनीचं चकचकीत शोरूम नव्हती. ती होती एसटी स्टँडच्या आसपासची आमच्यासारखी दुकानं. आणि गिऱ्हाइकाचे प्रश्न ठरलेले. बॅटरी किती चालते? दोन सिम बसतात का? आवाज मोठा आहे का? नोकियाने दोन सिमचा फोन आणायला उशीर केला आणि तेवढ्यात मायक्रोमॅक्स शिरली. महिनाभर टिकणाऱ्या बॅटरीचा फोन घेऊन ती बाजारात उतरली तेव्हा आम्ही हसलो होतो. वर्षभरात आमच्याच शोकेसमधली अर्धी जागा तिने घेतली.

मग तो एक प्रश्न आला ज्याने बाकी सगळे प्रश्न मागे टाकले. 'व्हॉट्सअ‍ॅप चालतं का?'

२०१० च्या आसपास कॉलेजच्या पोरांना ब्लॅकबेरी हवा असायचा. का, तर मेसेंजर. पण त्याला कंपनीचं वेगळं महिन्याचं पॅक लागायचं आणि तो मेसेंजर फक्त ब्लॅकबेरीवरच चालायचा. व्हॉट्सअ‍ॅप मात्र नोकियावर चालायचं, सॅमसंगवर चालायचं, आयफोनवर चालायचं. ब्लॅकबेरीने आपला मेसेंजर बाकीच्या फोनना खुला केला तो ऑक्टोबर २०१३ मध्ये. तोवर घरातल्या लग्नाचा ग्रुप दुसरीकडे निघालेला होता. उरण नाक्यावरची एक मासळीवाली मावशी दुकानात येऊन म्हणाली होती, 'मना तो हिरवा व्हॉट्सअ‍ॅप पायजे.' तिला फोनचं नाव नको होतं, सिस्टीमचं नाव नको होतं. तिचा मुलगा कुवेतला होता, त्याचा आवाज हवा होता. तिच्या दृष्टीने फोन म्हणजे तेवढंच, आणि तिचं बरोबर होतं.

आता एक कबुली. निवड करणारा तिसराही माणूस असतो आणि तो म्हणजे मी. दुकानदार. ज्या फोनवर कमिशन जास्त तो मी पुढे सरकवायचो. टार्गेट पूर्ण केलं की डीलरला ट्रिप मिळायची. गिऱ्हाईक म्हणायचं, 'दादा, तुम्हीच सांगा चांगला कुठला.' आणि मी सांगायचो. त्या काळात नव्यानव्या सिस्टीमचे स्वस्त फोन येत होते. त्यातला एक मी एका पेन्शनर काकांना दिला. व्हॉट्सअ‍ॅप त्यावर चालत नाही हे मला माहीत होतं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आठ दिवसांनी ते परत आले, भांडले नाहीत, फक्त म्हणाले, 'तुमच्यावर विश्वास ठेवला होता.' फोन मी परत घेतला. ते वाक्य काही परत गेलं नाही.

त्या दोन-तीन वर्षांत खरोखर निवड होती. विंडोजवाला नोकिया ल्युमिया ५२० होता, पडला तरी चालायचा. ऑगस्ट २०१४ मध्ये फायरफॉक्स ओएसचा इंटेक्स क्लाउड एफएक्स आला, किंमत १,९९९ रुपये. पुढच्याच महिन्यात गुगलने अँड्रॉइड वनचे फोन मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांच्याबरोबर ६,३९९ रुपयांना आणले. जानेवारी २०१५ मध्ये सॅमसंगने टायझेन सिस्टीमचा झेड वन ५,७०० रुपयांना काढला. मोबाइल कंपन्यांनी त्यावर थोडा फुकट डेटाही दिला. फुकट डेटा संपला आणि उत्साहही संपला.

त्यात आपल्या मराठी माणसाने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे, इंडस ओएस. आयआयटी मुंबईतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी मुंबईत उभी केलेली. मूळ पाया अँड्रॉइडचाच, पण वरचा सगळा साज भारतीय भाषांचा, मराठी धरून. २०१५ मध्ये ती मायक्रोमॅक्सच्या फोनवर आली आणि काही काळ भारतात आयफोनच्या सिस्टीमपेक्षा पुढे होती. हे कौतुक का, ते जुन्या लोकांना कळेल. सुरुवातीच्या कितीतरी अँड्रॉइड फोनवर मराठी मेसेज आला की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. अँड्रॉइडमध्ये पूर्ण मराठी मेनू आला तो २०१४ च्या लॉलीपॉप आवृत्तीत. तो आला आणि वेगळी मराठी सिस्टीम घेण्याचं कारणच हळूहळू पातळ झालं. मोठ्याने लहानाची चांगली कल्पना उचलली की लहानाचं काय होतं, हे आम्हा दुकानदारांना मॉल आल्यावर वेगळं सांगावं लागलं नाही.

आता दुसऱ्या पत्रकाकडे येतो.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. त्याच्या पुढच्याच महिन्यात, १ ऑक्टोबरला, पनवेल महानगरपालिका झाली, म्हणून मला ते वर्ष पक्कं लक्षात आहे. जिओचं नेटवर्क फक्त ४जी होतं. साधं बोलायचं तरी ४जी फोन लागायचा. पण देशात कोट्यवधी लोकांच्या हातात २जीचे बटणवाले फोन. कॉल फुकट दिला तरी तो घ्यायला त्यांच्याकडे यंत्रच नव्हतं. बाजारात तेवढा स्वस्त ४जी फोन नव्हता म्हणून कंपनीलाच तो करून घ्यावा लागला. जुलै २०१७ मध्ये जिओफोन जाहीर झाला. १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत मिळणारी. पुढच्या पावसाळ्यात, २०१८ मध्ये, जुना फोन द्या आणि ५०१ रुपयांत हा घ्या. पुन्हा पाचशे एक. आणि पुन्हा सिम त्याच कंपनीचं.

आतली सिस्टीम होती कायओएस. गंमत म्हणजे तिचं मूळ त्याच फायरफॉक्स ओएसमध्ये, जी दोन हजारांच्या फोनमध्ये येऊन बाजारात टिकली नव्हती. गिऱ्हाइकाने जी नाकारली तीच सिस्टीम, एका मोबाइल कंपनीने उचलल्यावर, बघता बघता देशात आयफोनच्या पुढे गेली. फोनमध्ये रॅम फक्त ५१२ एमबी. अँड्रॉइड त्यात धापा टाकला असता, कायओएस चालत होती. निवड पूर्णपणे हिशेबाची होती आणि हिशेब कंपनीचा होता.

त्याने लोकांचं भलं झालं नाही, असं मी म्हणणार नाही. घरकाम करणाऱ्या बायकांनी पहिल्यांदा व्हिडिओ पाहिला तो त्या फोनवर. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आलं तेव्हा दुकानात ते टाकून घ्यायला रांग लागली होती. पण मर्यादा कळली २०२० मध्ये. शाळा बंद, वर्ग मोबाइलवर. डोंगरापायथ्याच्या वाड्यांवरून बाप लोक यायचे, 'फोन आहे, पण मास्तर म्हणतात त्यात ते ॲप येत नाही.' त्यांच्याकडे फोन होता, नेट होतं, फक्त वर्ग जिथे भरायचे ती झूमसारखी ॲप त्या सिस्टीमसाठी बनलेलीच नव्हती. कर्ज काढून, एकाने बकऱ्या विकून, अँड्रॉइड फोन घेतले. मी विकले. गल्ला भरला आणि बरं वाटलं नाही.

त्याच जुलैमध्ये गुगलने जिओमध्ये ३३,७३७ कोटी रुपये गुंतवले. पुढच्या वर्षीच्या दिवाळीत जिओफोन नेक्स्ट आला, आत अँड्रॉइडवर बेतलेली प्रगती ओएस, किंमत ६,४९९. म्हणजे मोबाइल कंपनीनेही वेगळा रस्ता सोडला. स्पर्धा संपली ती तिथे, असं मला वाटतं.

आणि याच सुमारास निवड करणारा चौथा आला, सरकार. २०२१ मध्ये ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. सातबाऱ्यावर पीक नोंदवायचं तर अँड्रॉइड फोन आणि ॲप. त्याच ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. आठवतंय? फोन जुने आणि कमी ताकदीचे, नवीन पोषण ट्रॅकर ॲप त्यावर नीट चालेना आणि ते इंग्रजीत. सेविका म्हणत होत्या, आम्हाला चांगला फोन द्या आणि मराठीत ॲप द्या. मला त्या आंदोलनाचं महत्त्व फार वाटतं. इतक्या वर्षांत फोन कुणीतरी निवडून दिला आणि घेणाऱ्याने तो एकत्रितपणे परत केला, असं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या बाबतीत वर्चस्वाचा गैरवापर केला म्हणून गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, काही आदेश मात्र रद्द केले. दिल्लीतल्या त्या लढाईचा परिणाम माझ्या काउंटरवर किती दिसला? फारसा नाही. आजही शंभर फोन विकले तर नव्वदहून जास्त अँड्रॉइड, उरलेले आयफोन. आणि २०२५ च्या सुरुवातीला कायओएसवरचं व्हॉट्सअ‍ॅपही बंद झालं. बटणं शाबूत, बॅटरी शाबूत, पण ज्यासाठी घेतला ते गेलं.

मग पत्रकं हातात घेऊन मी काय शिकलो? स्वस्त फोन देणारा वाईट नसतो. पण फोन ज्याच्या हिशेबाने निवडला जातो, त्याचा हिशेब बदलला की फोनचं आयुष्य संपतं. नोकिया ११०० अजून चार्ज केला तर लागतो. २००३ चा ५०१ वाला फोन त्या कंपनीचं नेटवर्क गेलं तेव्हाच मेला, त्यात बिघाड काहीच नव्हता.

कंपन्यांना आपण काय सांगणार? पण महापालिका, पंचायत समिती, तहसील ही आपली आहेत. त्यांच्याकडे तीन गोष्टी मागता येतील. एक, कुठलीही योजना ॲपवर आणताना किमान कुठला फोन लागेल ते आधी जाहीर करा, आणि तो लोकांकडे आहे का ते आधी बघा. दोन, ॲप मराठीत हवं, पहिल्या दिवसापासून. तीन, ज्याच्याकडे तसा फोन नाही त्याच्यासाठी प्रभाग कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत कागदाची खिडकी चालू ठेवा. फोन नाही म्हणून हक्क नाही, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. व्यवहारात मात्र तसंच होत चाललंय.

आणि फोन घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. दुसऱ्या कंपनीचं सिम चालेल का? अपडेट किती वर्षं मिळणार? मला जे ॲप लागतं ते आत्ता, माझ्यासमोर टाकून चालवून दाखवता का? त्याला राग आला तर दुसऱ्या दुकानात जा. माझ्या दुकानात आलात तर मलाही विचारा. त्या काकांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तुमचा पहिला फोन कुठला होता आणि तो कोणी निवडला होता, ते खाली लिहा. अंगणवाडीतल्या ताईंनी तर नक्की लिहा.